ऑटिझम असलेला मुलगा कॉलेजला निघाला: घरच्यांनी काय द्यायचं, काय सोडायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा अठरा वर्षांचा, लहानपणीच ऑटिझमचं निदान झालेलं. बोलतो-वाचतो व्यवस्थित, गणित आणि संगणकात हुशार, शाळा चांगल्या गुणांनी पार पडली, कॉलेजला प्रवेशही मिळाला. आता त्याला हॉस्टेलवर ठेवावं का, कॉलेजला ऑटिझमबद्दल सांगावं का, की एक वर्ष थांबून मग पाठवावं? तिन्हींवर माझं मत सांगते. पण आधी तुम्ही न विचारलेल्या गोष्टीकडे वळते, कारण तिन्ही उत्तरं तिच्यावर ठरतात. त्याच्या आजच्या दिवसातलं किती काम प्रत्यक्षात तुम्ही करता?

गुणपत्रिकेवरून याचा अंदाज येत नाही. ऑटिझम असलेल्या हुशार मुलांमध्ये बुद्ध्यांक आणि रोजचे व्यवहार यांत मोठी दरी असते, हे अभ्यासांतून वारंवार दिसलं आहे. बुद्ध्यांक जास्त तशी ही दरी बरेचदा रुंदच असते. अवघड समीकरणं सोडवणारा मुलगा कुणी म्हटल्याशिवाय अंघोळीला उठत नाही, यात आळस नसतो आणि फाजील लाडही नसतात. काम सुरू करणं, चालू काम सोडून दुसऱ्याकडे वळणं, किती वेळ लागेल याचा अदमास घेणं ही मेंदूची स्वतंत्र कामं आहेत. मानसशास्त्रात त्यांना मिळून एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतात. शाळेत असताना ती तुम्ही आणि शिक्षक मिळून त्याच्यासाठी करत होतात, आणि इतकी सहज की कुणाच्या लक्षातही आलं नाही.

कॉलेज अर्ध्यावर सोडून माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींत विषय झेपला नाही म्हणून आलेली फार थोडी. बहुतेकांचं गाडं असं अडकतं: एका असाइनमेंटमध्ये ‘योग्य उदाहरणं देऊन चर्चा करा’ असं लिहिलेलं असतं. योग्य म्हणजे कोणती? किती? विचारायचं कुणाला, केबिनमध्ये जाऊन की मेल करून? ठरत नाही, म्हणून ते राहून जातं. मग त्या सरांना तोंड दाखवायला नको म्हणून त्यांचा तास चुकवला जातो. एक चुकला की पुढच्यात जाऊन बसणं आणखी अवघड. हजेरी कमी पडल्याचा मेल येतो, तो उघडलाच जात नाही. घरी मात्र ‘ठीक चाललंय’, कारण ‘कॉलेज कसं चाललंय?’ हा प्रश्नच इतका मोघम की त्याला दुसरं काही उत्तर सुचत नाही. घरच्यांना पत्ता लागतो तेव्हा सत्र संपलेलं असतं. सुरुवात झाली होती एका शब्दापाशी.

म्हणून प्रवेशाच्या कागदपत्रांच्याही आधी हे करा. एक आठवडा वही जवळ ठेवा आणि त्याच्यासाठी केलेली, त्याला आठवण करून दिलेली, त्याच्या वतीने बोललेली प्रत्येक गोष्ट लिहा. सवयीची कामं डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे घरातल्या दोघांनी वेगवेगळं लिहिलं तर उत्तम. फोन चार्जिंगला लावणं, टोचणारी लेबलं कापून मग कपडे कपाटात ठेवणं, पाहुणे येणार असल्याची आदल्या दिवशी कल्पना देणं, डॉक्टरांसमोर त्याच्याऐवजी उत्तर देणं, बेत बदलला तर तो त्याच्या गळी उतरवणं. आणि त्याचा आवाज जरा चढलेला ऐकून, मेल्टडाउनच्या, म्हणजे ताण असह्य होऊन त्याचा ताबा सुटण्याच्या, कितीतरी आधी, खोलीतला गोंगाट बंद करणं. हे शेवटचं यादीत हमखास राहतं, आणि कॉलेजात त्याचीच उणीव सर्वांत जास्त भासते. यादी लांबलचक निघेल. पुढच्या एक-दोन वर्षांचा खरा अभ्यासक्रम तोच.

ही कामं त्याच्याकडे कशी जातात याला फार महत्त्व आहे. ‘आता तू मोठा झालास’ म्हणत एका दिवसात सगळं सोडून द्यायचं, आणि पंधरा दिवसांत घडी विस्कटली की पुन्हा सगळं ताब्यात घ्यायचं, असं अनेक घरांत होतं. दोन्ही वेळा त्याच्या मनावर एकच ठसतं, की आपल्याला जमत नाही. त्यापेक्षा काम शेवटाकडून उलट सोपवा. ऑक्युपेशनल थेरपिस्ट याला बॅकवर्ड चेनिंग म्हणतात. कपडे धुण्याचं घ्या. आधी फक्त वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करून कपाटात ठेवणं त्याचं, बाकी तुमचं. ते अंगवळणी पडलं की वाळत घालणंही त्याचं. मग मशीन लावणं. सर्वांत शेवटी, धुवायला टाकायची वेळ झाली हे ओळखणं. काम पूर्ण होण्याचा क्षण पहिल्या दिवसापासून त्याच्या वाट्याला येतो, हा या पद्धतीतला खरा फायदा. ‘ओळखणं’ हा टप्पा बाकी सगळ्यांपेक्षा कठीण असतो, तिथे महिने गेले तरी जाऊ द्या.

तोंडी आठवणीबद्दल मी जरा कडक आहे. ‘उठ’, ‘बॅग भर’, ‘पाणी पी’ हे म्हणायला सोपं, म्हणून सर्वांत आधी तेच केलं जातं, आणि नंतर सुटता सुटत नाही. मुलाने काम सुरू करण्याची खूण म्हणून तुमचं वाक्यच पाठ केलेलं असतं. वाक्य ऐकू आलं नाही तर काम सुरू होत नाही. अलार्म, भिंतीवरची यादी, फोनमधलं वेळापत्रक हे सगळं त्याच्याबरोबर कुठेही जाऊ शकतं. तेव्हा सांगण्याऐवजी ‘यादीत पुढे काय आहे?’ असं विचारा, काही आठवड्यांनी नुसतं यादीकडे बोट करा, मग खोलीतून बाहेर जा. यादी आणि अलार्म जन्मभर लागले तर लागू देत. अलार्म लावून वेळच्या वेळी औषध घेणारा माणूस परावलंबी ठरत नाही.

आता कॉलेज. शाळेचा दिवस सकाळपासून दुपारपर्यंत आखलेला असतो, कॉलेजचा दिवस भोकाभोकांचा. अकराला एक तास, मग थेट अडीचला प्रॅक्टिकल. मधले अडीच तास कुठे बसायचं, कुणाशी बोलायचं, जेवायचं कुठे? मुलं बहुधा इथेच गळतात. वेळापत्रक हाती आलं की सगळ्यात आधी या रिकाम्या जागा भरा: ग्रंथालयातली ठरलेली खुर्ची, गर्दी नसलेला जिना, एखादी प्रयोगशाळा. कॉलेज पाहायला सुट्टीच्या दिवशी जाऊ नका, ऐन गर्दीच्या वेळी जा. कॅन्टीनचा आवाज, झगझगणाऱ्या ट्यूबलाइट, स्वच्छतागृहातला हात सुकवण्याच्या यंत्राचा घरघराट, लोंढ्याने उतरणारा जिना हे सगळं त्याच्यासोबत अनुभवा आणि पर्यायी वाटा नकाशावर काढून ठेवा. संवेदनांचा हा त्रास निदानाच्या निकषांमध्ये २०१३ च्या डीएसएम-५ पासून, म्हणजे मानसिक विकारांच्या अमेरिकन निदान-पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीपासून, अधिकृतपणे आहे, त्यामुळे कॉलेजशी बोलताना तो ‘नखरा’ म्हणून मांडायचं काही कारण नाही. नियमात बसत असेल तर पहिल्या सत्रात विषय कमी घ्या. एक वर्ष जास्त लागलं तरी पदवी तीच असते. आणि त्या सत्रात घरची एकही नवी जबाबदारी त्याच्यावर टाकू नका.

कॉलेजला सांगावं का? माझं मत: विद्यार्थी सहाय्य विभागाला आणि एखाद्या प्राध्यापकाला सांगावं, वर्गाला सांगायचं का, ते त्याने ठरवावं. याला आधारही आहे. २०१७ मध्ये नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांनी ऑटिझम असलेल्या आणि नसलेल्या प्रौढांच्या बोलण्याच्या काही सेकंदांच्या फिती अनोळखी लोकांना दाखवल्या. ऑटिझम असलेल्यांबद्दलचं मत तेवढ्यातच प्रतिकूल झालं, त्यांच्याशी ओळख वाढवायची इच्छाही कमी दिसली. तेच बोलणं फक्त कागदावर वाचायला दिल्यावर हा फरक नाहीसा झाला. म्हणजे लोक बोलण्यातल्या आशयावर अडत नाहीत, आवाजाच्या चढउतारावर आणि हावभावांवर अडतात. याच गटाच्या पुढच्या कामात, समोरच्याला ऑटिझम आहे हे कळल्यावर मत सुधारल्याचंही दिसलं. न सांगितल्याने तो ‘सर्वसामान्य’ वाटतो अशी आपली समजूत असते; लोकांना तो बरेचदा विचित्र किंवा उद्धट वाटत असतो, इतकंच.

इथे एक मोठा बदल ध्यानात ठेवा. शाळेत मदत हवी हे शाळा किंवा पालक ओळखतात. कॉलेजात, बहुतेक ठिकाणी, प्रौढ विद्यार्थ्याने स्वतः मागितल्याशिवाय काही हलत नाही, आणि त्याच्या परवानगीवाचून कॉलेज तुमच्याशी बोलणारही नाही. तेव्हा मागण्याचा सराव घरी करून घ्या. एक पान त्याच्याकडून लिहून घ्या, शब्द त्याचेच राहू द्या: मला काय चांगलं जमतं, कशाने त्रास होतो, त्रास होतोय हे बाहेरून कसं दिसतं, तेव्हा काय करावं आणि काय अजिबात करू नये. मागण्या नेमक्या असाव्यात. तोंडी सूचना लेखी मिळाव्यात. परीक्षेला शांत, वेगळी खोली मिळावी. गटाच्या प्रोजेक्टमध्ये त्याची भूमिका पहिल्याच बैठकीत ठरावी. व्हायवाचं स्वरूप आधी कळावं. असह्य झालं तर न विचारता तासातून बाहेर जाता यावं. सगळे जादा वेळ मागतात, पण माझ्या पाहण्यात शांत खोलीचा उपयोग त्याहून जास्त होतो. गोंगाटात मिळालेला जादा अर्धा तास म्हणजे गोंगाटातला आणखी अर्धा तास. निदानाचा अहवाल जुना असेल, त्यावर ‘ॲस्पर्जर’ असं लिहिलेलं असेल, तर प्रवेशाआधी नवं मूल्यमापन करून घ्या. डीएसएम-५ ने ते वेगळं निदान काढून ऑटिझम स्पेक्ट्रममध्ये घेतलं, आणि लहानपणीच्या अहवालावर कॉलेजं सहसा सवलती देत नाहीत.

मित्रांची काळजी तुम्ही प्रश्नात ओझरती लिहिली आहे. ‘त्याला मिसळायला शिकवा’ ही मागणी मी निम्मीच मान्य करते. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत. २०१२ मध्ये त्यांनी मांडलं की न समजण्याची अडचण दुहेरी आहे, दोन्ही बाजूंना एकमेकांचं मन वाचता येत नाही. पुढे २०२० मध्ये कॅथरिन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी एक गोष्ट माणसामाणसांतून पुढे सांगायला लावली. फक्त ऑटिस्टिक लोकांच्या साखळीत ती ऑटिस्टिक नसलेल्यांच्या साखळीइतकीच नीट पोचली. गळती जास्त झाली ती मिश्र साखळीत. म्हणून गप्पांचे नियम घोकून घेण्यापेक्षा त्याच्या आवडीचा गट शोधा: प्रोग्रामिंग, बुद्धिबळ, पक्षी, रेल्वे, काहीही. जिथे विषय आधीच ठरलेला असतो तिथे तो बोलतो. मात्र काही गोष्टी स्पष्ट शब्दांत शिकवाव्याच लागतात आणि त्या पालक लाजून टाळतात. शरीराबद्दल, संमतीबद्दल, एखाद्याने ‘नको’ न म्हणता विषय बदलला तर तो नकार समजायचा याबद्दल. आणि मित्र म्हणवून पैसे उसने मागणाऱ्या किंवा आपलं सबमिशन लिहून मागणाऱ्या माणसाबद्दल. शब्दशः अर्थ घेणारं मूल फसवायला सोपं असतं. एक ठाम नियम फार कामी येतो: पैसे, पासवर्ड किंवा फोटो कुणीही मागितला तर उत्तर दुसऱ्या दिवशी, विश्वासातल्या एका ठरलेल्या माणसाशी बोलून.

आता थकव्याबद्दल, कारण याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. दिवसभर नजरेला नजर देणं, हात हलवण्याची इच्छा दाबून ठेवणं, हसायच्या जागा मोजत राहणं, हे मास्किंग. बाहेरून सगळं सुरळीत दिसतं, आणि महिनोन् महिने हे चाललं की एके दिवशी तो उठतच नाही. बोलणं कमी होतं, आवाज पूर्वीपेक्षा जास्त टोचतात, आलेली कौशल्यंही जातात. स्वतःचं जेवण करून घेणाऱ्याला पाण्याचा ग्लास भरणंही जड होतं. याला ऑटिस्टिक बर्नआउट म्हणतात. वरून ते नैराश्यासारखं दिसतं, पण ‘बाहेर पड, चार माणसांत मिसळ’ हा नेहमीचा सल्ला इथे उलटतो. मागण्या कमी करणं, एकांत, आवडीच्या विषयात बुडून जाण्याची मुभा, याने तो सावरतो. कॉलेजहून आल्यावर खोलीचं दार लावून तासभर तो एकच एक व्हिडिओ बघत असेल तर तिथे प्रश्नांची फैर झाडू नका.

नैराश्य आणि चिंता मात्र खरोखरच सोबत असू शकतात, आणि त्या सौम्य समजू नयेत. प्रौढपणी ॲस्पर्जरचं निदान झालेल्या ३७४ जणांचा एक ब्रिटिश अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ६६ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचं सांगितलं. त्यामुळे विचारायचं, आणि सरळ विचारायचं. विचारल्याने तसे विचार डोक्यात येत नाहीत. ऑटिझम असलेल्या साधारण निम्म्या लोकांना स्वतःच्या भावनांना नाव देणं अवघड जातं, म्हणून ‘कसं वाटतंय?’ याला उत्तर मिळत नाही. ‘या आठवड्यात किती रात्री झोप लागली नाही?’, ‘शून्य ते दहामध्ये आज कितीवर आहेस?’, ‘मरून जावं असं मनात आलं का?’ याला मिळतं. होकार आला तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. शरीराकडेही पाहा. ऑटिझममध्ये अपस्माराचं प्रमाण सर्वसाधारणपेक्षा जास्त आहे, आणि झटके किशोरवयातही पहिल्यांदा येऊ शकतात. परीक्षेच्या जागरणांनी धोका वाढतो. काही क्षण एकाएकी हरवल्यासारखा होत असेल तर त्याला ‘तंद्री’ म्हणून सोडू नका, न्यूरोलॉजिस्टला दाखवा.

हॉस्टेलचं उत्तर आता सोपं होतं. तुमच्या यादीतली निम्म्याहून जास्त कामं अजून तुमच्याकडेच असतील तर पहिल्या वर्षी नको. नवं कॉलेज आणि नवं घर हे दोन्ही एकदम बदलणं मला कधीच पटत नाही. घरातून कॉलेज आधी बसू दे, मग राहण्याची जागा बदला. कॉलेज दूर असल्याने पर्यायच नसेल तर एकट्याची खोली मागा, त्यासाठी इतर खर्चात काटकसर करावी लागली तरी. सत्र सुरू होण्याच्या काही दिवस आधी, हॉस्टेल रिकामं असताना, तिथे राहायला मिळतं का ते विचारा. आणि रोजच्या फोनऐवजी ठरलेल्या वेळी एक ठरलेला मेसेज ठेवा: झोपलो, जेवलो, उद्या अमुक काम आहे. तीन ओळी पुरतात. त्या दोन दिवस आल्या नाहीत तर काय करायचं, कुणी खोलीवर जायचं, हेही त्याच्या संमतीने आधीच लिहून ठेवा.

नोकरीचा विचार शेवटच्या वर्षावर टाकू नका. मुलाखत हा या मुलांसाठी सर्वांत वाईट दरवाजा आहे, कारण तिथे काम सोडून बाकी सगळं तपासलं जातं. काम करून दाखवायची संधी मिळाली की चित्र पालटतं. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटी इथल्या मुलांच्या रुग्णालयात प्रोजेक्ट सर्च नावाचा उपक्रम सुरू झाला. प्रत्यक्ष कामाच्या जागी, आळीपाळीने वेगवेगळ्या विभागांत, प्रशिक्षक सोबत ठेवून इंटर्नशिप, अशी त्याची रचना. ऑटिझमसाठी बेतलेल्या त्याच्या आवृत्तीचा व्हर्जिनियातला अभ्यास २०१४ मध्ये आला: उपक्रमात असलेल्यांपैकी ८७.५ टक्के तरुण नोकरीला लागले, नसलेल्यांपैकी ६.२५ टक्के. गट लहान होता, आणि त्या मुलांना बऱ्यापैकी जास्त मदतीची गरज होती, हे मला त्यात विशेष वाटतं. तेव्हा पहिल्या सुट्टीपासून आठवड्याचे चार-पाच तास का होईना, खरं काम मिळवा. वरिष्ठाला दोनच गोष्टी सांगा: सूचना लिहून द्या, आणि चूक झाली तर सूचक बोलू नका, स्पष्ट सांगा.

पैसे आणि निर्णय यांबाबत पालक फार उशीर करतात. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क कराराच्या कलम १२ प्रमाणे कायदेशीर निर्णय घेण्याचा अधिकार अपंग व्यक्तीलाही इतरांसारखाच आहे, आणि तो वापरायला लागणारी मदत मिळवून देणं हे राज्याचं काम आहे. घरात याचा अर्थ असा, की डॉक्टरांच्या खोलीत उत्तर तो देईल आणि राहिलेलं तुम्ही जोडाल. खात्यात थोडी रक्कम त्याच्या नावावर असेल आणि ती त्याने वाया घालवली तरी चालेल इतकीच असेल. ज्यांना बोलता येत नाही किंवा सोबत बौद्धिक अक्षमता आहे त्यांच्याबाबतही हेच, फक्त निवडी लहान असतात: कोणता शर्ट, आज कुणासोबत फिरायला, हे काम की ते. कॉलेज त्यांच्या वाटेवर नसेलही, पण आईवडिलांखेरीज दुसऱ्या माणसाकडून मदत घेण्याची सवय त्यांना तुमच्या मुलाइतकीच लागते, किंबहुना आधी लागते.

राहिला एक वर्ष थांबण्याचा प्रश्न. ‘अजून तयार नाही’ या भीतीने थांबत असाल तर थांबू नका. घरी मोकळं गेलेलं वर्ष दिवसरात्र उलटी करतं आणि बाहेर पडणं दुप्पट अवघड होतं. वर्ष आखलेलं असेल तर मात्र मी त्याच्या बाजूने आहे: ठरलेल्या वेळी घराबाहेरचं एक काम, आठवड्यातून काही तास एखादा छोटा अभ्यासक्रम, एकट्याने करायचा एक नेहमीचा प्रवास, आणि वहीतल्या यादीतली कामं ओळीने त्याच्याकडे. कॉलेजकडून प्रवेश पुढच्या वर्षासाठी राखून मिळतो का हे लेखी विचारा. ती मेल त्यालाच लिहू द्या, तुम्ही पाठवण्याआधी फक्त वाचा. आणि तो ‘मला याच वर्षी जायचंय’ म्हणाला, तर कमी विषय घेऊन याच वर्षी पाठवा.